चवीपुरता गूळ

आमची पत्रिका जुळवली तेव्हा छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले होते. माझ्या सासूबाई तो आकडा नातेवाइकांना अभिमानानं सांगायच्या. पुढे सत्तावीस वर्षांनी साताऱ्याच्या मधुमेह केंद्रात तन्मयी नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीनं पडदा आमच्याकडे वळवला आणि माझ्या नवऱ्याचे शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण एका परक्या बाईशी जुळल्याचं सांगितलं, तेव्हा ते एकोणतीस मला फारच थोडे वाटायला लागले.

"रजनी भारंबे. सावदा, जिल्हा जळगाव," तन्मयीनं वाचून दाखवलं. "वय एक्कावन्न. नशीबवान आहात काका. लाखात एखाद्याला अशी जोडी मिळते."

"जोडी माझ्याशी आहे त्यांची," मी म्हणाले.

तन्मयी हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

श्रीरंग मात्र हसले नाहीत. ते पुढे वाकून पडद्यावरच्या दोन रेघा बघत होते. एक निळी, एक केशरी. निळी त्यांच्या साखरेची, केशरी त्या बाईंच्या. दोन्ही रेघा एकत्र चढत होत्या, एकत्र उतरत होत्या. नगरपालिकेत तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, रेघांवर त्यांचं प्रेम आहेच. पण डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागल्यापासून त्यांना सरळ रेघही कुठे कुठे तुटलेली दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या घरातून सातच्या आसपास आली नाही, तर हा डोळा हातचा जाईल आणि मग उजव्याची पाळी येईल.

तन्मयीनं आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. एकाच पिठाची, एकाच वजनाची भाकरी दोघांनी खाल्ली, तर एकाची साखर चाळीसनं वाढते, दुसऱ्याची शंभरनं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि प्रत्येकाच्या पोटातली त्यांची वस्ती वेगळी असते. जठर रिकामं व्हायचा वेग वेगळा, यकृताची साखर सोडायची वेळ वेगळी. म्हणून 'मधुमेह्यानं काय खावं' या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. यंत्रांनी अंदाज बांधून पाहिले, ते चुकत राहिले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की लाखो लोकांच्या दंडावर साखर मोजणाऱ्या चकत्या आहेतच, तर त्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. त्यात काही माणसं सापडली, रक्ताच्या नात्याची नव्हेत, गावची नव्हेत, पण साखरेच्या बाबतीत हुबेहूब एकसारखी. त्यांना साखरजुळे म्हणायला लागले.

जुळं सापडलं की काम सोपं होतं. एकानं एक पदार्थ आधी खायचा. त्याची साखर कशी चढली, कशी उतरली, ते दुसऱ्याच्या पंपाला कळतं. पंप म्हणजे पोटाला चिकटवलेली इन्सुलिनची डबी. इन्सुलिनला काम सुरू करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर अन्न पुढे निघून जातं. पण जुळ्याचा अनुभव हाताशी असेल तर डबी जेवणाच्या आधीच नेमकं इन्सुलिन सोडते. एक आठवडा सातारा आधी जेवणार, एक आठवडा सावदा. अट एकच होती. पदार्थ दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा, वजनासकट. शरीर ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून जुन्या नोंदीपेक्षा ताज्या नोंदीला यंत्र जास्त मान देतं.

"माणसांचंही तसंच असतं," मी म्हणाले. या वेळी तन्मयी हसली नाही.

आमच्या ओट्यावर एक वजनकाटा आला आणि त्याच्या वर वाकलेला एक कॅमेरा. ताट काट्यावर ठेवलं की तो अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर आहे का, पाव भागात डाळ-उसळ आहे का, उरलेल्या पाव भागात भाकरी मावते का ते बघायचा. मग बाईच्या आवाजात विचारायचा, "यादीबाहेरचं काही घातलं आहे का?" मी 'नाही' म्हणायचे आणि मगच श्रीरंगांना पहिला घास घ्यायची परवानगी मिळायची. तोही कोशिंबिरीचा. आधी कोशिंबीर, मग उसळ, भाकरी सगळ्यात शेवटी. आमच्याकडे जेवणाची सुरुवात वरणभातानं करायची पद्धत, ती त्या बाईच्या आवाजानं एका दिवसात मोडली.

अकरा वर्षं मी या माणसाचं पथ्य सांभाळलं होतं. बटाटा बंद केला, भात मुठीवर आणला, आंब्याच्या दिवसांत दोन फोडी मोजून दिल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. त्यांची साखर तरी वर ती वरच. रजनी भारंबेनं तीन महिन्यांत नऊवरून आठावर आणली, सहा महिन्यांत सात पूर्णांक दोनवर. डोळ्यातले ठिपके वाढायचे थांबले. डॉक्टरांनी आमच्यासमोर टेबलावर टिचकी मारली आणि म्हणाले, "असंच चालू ठेवा." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरणात खडा यावा तसा.

कारण दोन्ही घरी ताट सारखं हवं, म्हणून फोन सुरू झाले. आधी ते तिला भारंबे बाई म्हणत. महिन्याभरात रजनीताई म्हणायला लागले. सहाव्या महिन्यात एकदा अंघोळीहून येता येता मी ऐकलं, "रजनी, मुळ्याच्या शेंगा आहेत का गं तुमच्याकडे?" ताई कुठे गळून पडली, तेवढं मला कोणी सांगितलं नाही.

ती सावद्यात केळीच्या शीतगृहाच्या ऑफिसात हिशेबनीस होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी परदेशी. "केळीच्या गावात राहते आणि केळाला हात लावायची सोय नाही, बोला," ती फोनवर म्हणायची आणि श्रीरंग मनापासून हसायचे. फोन स्पीकरवर असायचा, लपवाछपवी काही नव्हती. तोच तर त्रास होता. काही लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. दुधीची भाजी किती शिजवायची यावर दोन माणसं पंचवीस मिनिटं बोलतात, त्यावर बायकोनं काय म्हणून भांडायचं?

"तुम्ही जेवले का, साहेब?" ती विचारायची.

"आत्ताच बसतोय. तुम्ही?"

"मी काल जेवले तुमच्या वाटचं. खुशाल बसा, काही होत नाही. एकशे अडतीसच्या वर नाही गेली."

'तुमच्या वाटचं मी जेवले', असं मला आयुष्यात कोणी म्हणालं नव्हतं.

सावद्याहून कळण्याचं पीठ यायला लागलं. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेले. त्याची काळपट भाकरी होते, पोटाला धरते आणि साखर हळू वाढवते. पिठाच्या पिशवीवर निळ्या शाईनं लिहिलेलं असायचं, 'वहिनींना सांगा, पाणी कोमट घ्या'. तीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या बाईला पाणी कसं घ्यायचं ते सावद्याहून कळत होतं. मी मुद्दाम गार पाणी घेतलं. भाकरी चिरली. मग कोमट घेतलं.

एकेक करून माझे पदार्थ लाल यादीत गेले. मसालेभात गेला, वरणफळं गेली, ते मी समजू शकते. पण आमटी गेली तेव्हा मी तन्मयीला फोन केला. सासूबाईंनी हात धरून शिकवलेली आमटी, चिंच, गूळ आणि गोडा मसाला घातलेली.

"काकू, गूळ काढला तर हिरव्या यादीत येईल," तन्मयी म्हणाली.

"गुळाशिवाय आमटी करायची तर ती नळाखाली धरलेली बरी."

आमच्याकडे गूळ हा काही गोड पदार्थ नाही. मेथीत, वांग्यात, उसळीत, जिथे म्हणून आंबट-तिखट आहे तिथे एक खडा पडतो. कोणी पदार्थाची कृती विचारली तर आम्ही तो सांगतही नाही. सांगायचाच झाला तर 'चवीपुरता' म्हणतो. खानदेशात ही चाल नाही. एक दिवस श्रीरंग जेवता जेवता म्हणाले, "रजनीताईंच्या पद्धतीत गूळ नाही, तरी चव असते बघ." सहज म्हणाले. मी वाढपाचा चमचा पातेल्यात ठेवला आणि उगाच नळ सोडला.

पण खरी ठिणगी पडली ती माझ्या पुतणीच्या लग्नात. श्रीरंग पंगतीत बसले होते, आधी कोशिंबीर, मग मटकीची उसळ, असं शिस्तीत चाललं होतं. शेजारी बसलेले माझे मावसभाऊ म्हणाले, "भाऊजी, दहा वर्षांनी तरुण दिसताय. विभानं चांगलं सांभाळलंय तुम्हाला." मी जिलब्यांचं ताट घेऊन समोरच उभी होते. श्रीरंग प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "नाही हो, हे श्रेय सावद्याच्या रजनीचं. ती आधी जेवते म्हणून मी सुखानं जेवतो."

पंगतीतले चार-पाच जण माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, तरी जिलब्या वाढत पुढे गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की मला काय वाटतंय. मत्सर. एका बाईचा, जिला मी पाहिलंही नव्हतं, जिनं माझ्या नवऱ्याचा डोळा वाचवला होता. त्यांना जेवू घालणारी मी होते, पण ते जेवत होते तिच्या भरवशावर. माझी तेवढी एकच जागा होती या घरात आणि ती गेली होती.

पुढच्या मंगळवारी साताऱ्याची आधी जेवायची पाळी होती. यादीत अंबाडीची भाजी होती, ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ आणि दाणे घालून. वरून लसूण-मिरचीची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. रजनीची कृती. अंबाडी आंबटढाण असते. भाजी शिजत असताना माझा हात गुळाच्या डब्यात गेला. तो आपोआप गेला, हे मी देवाशपथ सांगू शकते. सुपारीएवढा खडा भाजीत पडला, तोही आपोआप. मग मात्र मला कळलं. गूळ विरघळायला दोनेक मिनिटं लागतात. चमच्यानं खडा बाहेर काढता आला असता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, तो विरला आणि मग मी मोजून लिंबाएवढा आणखी घातला.

"यादीबाहेरचं काही घातलं आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

श्रीरंगांनी भाजीचा पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबले. मग म्हणाले, "भाजी छान जमलीय आज." एरवी पाव ताट संपवताना दमणारा माणूस, त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. तासाभरात साखर दोनशे चाळीसवर गेली. पंप वाजायला लागला.

संध्याकाळी फोनवर ते रजनीला म्हणाले, "तुमची अंबाडी काही मला मानवली नाही बुवा."

"अरे देवा. मला तर दहा वर्षांपासून मानवते," तिचा आवाज आला. "मंग कण्या जास्त झाल्या असतील. वहिनींना म्हणा, कण्या मोजून घ्या."

माझ्याच डोक्यावर खापर. मी गुरुवारी पुन्हा तीच भाजी केली, कण्या मोजून. लिंबाएवढा गूळ. शनिवारी पुन्हा. तिन्ही वेळा कॅमेऱ्याला हिरवी भाजी दिसली, काट्याला वजन बरोबर दिसलं, त्या बाईला 'नाही' हे उत्तर मिळालं. आणि तिन्ही वेळा श्रीरंगांनी वाटी साफ केली. शनिवारी यंत्रानं अंबाडी पिवळ्या यादीत टाकली. तिच्या ताटातला एक पदार्थ मी पाडला होता. त्या दुपारी मी कितीतरी महिन्यांनी गाणं गुणगुणत भांडी लावली.

पिवळ्या यादीतला पदार्थ दुसऱ्या जुळ्यानं एकदा खाऊन पडताळायचा असतो. हे तन्मयीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा त्या दोन रेघांकडे बघत होते.

मंगळवारी दुपारी दीडला फोन आला. रजनीच्या ऑफिसातल्या एक बाई बोलत होत्या. सकाळी दहाला रजनी अंबाडी-भाकरी जेवून स्कूटरवर निघाली होती. माझीच भाजी मला कशी मानवत नाही बघते, असं आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून गेली होती. तिच्या पंपानं साताऱ्याच्या तीन ताज्या नोंदी बघितल्या आणि जेवणाआधी जवळजवळ दुप्पट इन्सुलिन सोडलं. तिच्या भाजीत गूळ नव्हता. साखर खाली आली, खाली येतच राहिली. पंपानं वाजून वाजून सांगितलं, ते रहदारीत तिला ऐकू गेलं नाही. तो स्वतः बंदही झाला, पण अंगात गेलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. फैजपूरच्या रस्त्याला, केळीच्या ट्रकमागे, तिची शुद्ध हरपली. मनगट मोडलं, डोक्याला सात टाके पडले. कोणी ओळखीचं भेटेपर्यंत वीस मिनिटं ती रस्त्याकडेला पडून होती.

तन्मयीनं लगेच विचारणा केली. "काका, यादीबाहेरचं खरंच काही नव्हतं ना?"

"छे," श्रीरंग म्हणाले. "विभा असल्या बाबतीत काटेकोर आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तिला भुसावळच्या इस्पितळात हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिकडे निघालो. गाडी स्वतः चालते, त्यामुळे माणसांना बोलायला पुष्कळ वेळ असतो. आम्ही सहा तास बोललो नाही. संभाजीनगरच्या पुढे एका टपरीवर गाडी थांबवून बिनसाखरेचा चहा घेतला. तिथे बाकावर बसून मी सांगितलं. सगळं सांगितलं. सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, तीन वेळा. का, तेही सांगितलं. पंगतीतलं वाक्य आठवण करून दिलं. आवाज चढवला नाही, रडले नाही. कप तेवढा बाकावर ठेवला.

श्रीरंगांनी आपला कप माझ्या कपाशेजारी ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"गूळ. पहिल्या घासालाच कळलं. सत्तावीस वर्षं खातोय तुझ्या हातचं, अंबाडीत गूळ पडलाय ते मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चांगलं लागत होतं गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा जेवण जेवणासारखं लागलं. वाटलं, तू माझ्यासाठी चोरून घालतेयस. विचारलं असतं तर तू घालायची थांबली असतीस."

"आणि रजनीला म्हणालात, भाजी मानवली नाही."

"हो."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. एक बाई इस्पितळात पडली होती आणि मी मनात म्हणत होते, त्यांनी तिच्याशी खोटं बोलून माझा गूळ निवडला. तो आनंद चहाचा कप रिकामा होईपर्यंतही टिकला नाही. श्रीरंग म्हणाले, "विभा, तू सांग तिला गुळाचं. नजरचुकीनं पडला, सवयीनं पडला, काहीही सांग. मला कळलं होतं, हे मात्र नको सांगूस. ती माझ्या शब्दावर जेवायची."

भुसावळच्या इस्पितळात मी आधी एकटीच आत गेले. श्रीरंग बाहेर बाकावर बसले, डॉक्टरांना भेटायच्या निमित्तानं.

माझ्या डोळ्यांसमोर कोण बाई होती कोण जाणे. पलंगावर एक सावळी, रोड, अर्ध्याहून अधिक केस पिकलेली बाई बसली होती. डोक्याला पट्टी, डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हातानं ती डाळीचं पाणी चमच्यानं पीत होती आणि ते सांडत होतं. मी वाटी धरली.

"तुम्ही वहिनी ना? आले तुम्ही एवढ्या लांबून," ती म्हणाली. "जेवले का?"

सवयीनं पडला, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या महाराष्ट्राला पटलं असतं. सातारकर बाईच्या हातून भाजीत गूळ पडतो, त्यात काय विशेष? पण ती वाटी माझ्या हातात होती आणि तिनं ती बिनधास्त माझ्या हातून पिऊन टाकली. मग मला खोटं बोलता येईना.

"रजनीताई, त्यांच्या अंबाडीत मी मुद्दाम गूळ घातला," मी म्हणाले. "तीन वेळा. तुमची भाजी त्यांना मानवत नाही असं दिसावं म्हणून."

तिनं चमचा माझ्या हातातल्या वाटीत ठेवला. बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"जळत होते तुम्ही माझ्यावर?"

"हो."

"माझ्यावर?" तिनं प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं, मग खिडकीकडे. "बारा वर्षांपासून एकटी भाकर करून एकटी खाते. माझ्यावर जळावं असं कोणाला वाटलं, हे पहिल्यांदा ऐकलं बाई." ती थोडी हसलीसुद्धा. मग हसू गेलं. "पण मेले असते मी, वहिनी."

"हो," मी म्हणाले.

"साहेबांना नाही कळलं? चवीवरून?"

मला वाटलं होतं त्याहून लवकर तो प्रश्न आला. खरं सांगितलं असतं तर ती त्यांच्यापासून कायमची तुटली असती, आणि गेले आठ महिने मी दुसरं काय मागत होते? खोटं सांगितलं असतं तर ती पुन्हा त्यांच्या शब्दावर जेवली असती. खरं बोलणं आणि सूड घेणं एकच झालं होतं. खरेपणासाठी बोलेन की सुडासाठी, ते माझं मलाच ओळखता येईना. मी उठले, दार उघडलं आणि श्रीरंगांना आत बोलावलं.

"या विचारतायत, तुम्हाला चव कळली होती का," मी म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं त्या बाईला पहिल्यांदा समोरासमोर बघितलं. अठ्ठ्याण्णव गुण जुळलेली दोन माणसं. त्यांनी हात जोडले. आधी वाटलं ते नाही म्हणतील. त्यांची नजर तिच्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली.

"कळली होती," ते म्हणाले.

रजनीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे दोघांनी," ती म्हणाली. "मी तर समजत होते वहिनी वेगळ्या आणि तुम्ही वेगळे. तुम्ही दोघं एकच निघाले."

आठ महिने मला हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"रजनी, माझं चुकलं," श्रीरंग म्हणाले. "पुन्हा असं..."

"माझा राग नाही हो साहेब," ती म्हणाली. "पण आता तुमची साखर वर गेली, तर ती शरीरानं नेली का माणसांनी, ते मला कसं कळावं? ते यंत्र बिचारं शरीरं जुळवतं. त्याच्या भरवशावर मी रोज जीव ताटावर ठेवत होते." तिनं उशाशी ठेवलेला फोन उजव्या हातानं उचलला, अंगठ्यानं दोन-तीनदा काहीतरी दाबलं आणि आमच्याकडे वळवला. पडद्यावर विचारलं होतं, जोडी सोडायची आहे का. खाली 'हो'वर तिचा अंगठा उमटलेला होता. आता दुसरी संमती हवी होती.

श्रीरंगांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ त्यांना चौकट दिसेना, डाव्या डोळ्यावर हात धरून त्यांनी उजव्यानं ती शोधली आणि दाबली. नवं जुळं मिळायला दोन वर्षं लागतात, कधी मिळतही नाही. ते तिघांनाही माहीत होतं.

निघताना मी तिला विचारलं, चार दिवस राहून तुमचं जेवणखाण बघू का. ती म्हणाली, "नको. शेजारीण देते डबा." अगदी सौजन्यानं म्हणाली.

परतीच्या वाटेवर आम्ही अजिंठ्याचा घाट चढून वर आलो. श्रीरंगांच्या शर्टाच्या आत पंपाची डबी अधूनमधून बारीक आवाज करत होती. तिच्यात आता निळी रेघ एकटीच होती. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला आधी कोणी सांगणार नव्हतं.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "झालं ते झालं," ते म्हणाले. "आता पुन्हा फक्त तुझ्या हातचं. तू सांगशील ते, तू वाढशील तेवढं. माझा डोळा आता तुझ्या हाती."

याच शब्दांसाठी मी आठ महिने जळत होते. ते ऐकले आणि मी मनातल्या मनात उद्याचं ताट मांडायला लागले. मला कळण्याचं पीठ किती दिवस पुरेल ते आठवेना. दुधी किती वेळ शिजवायचा, मुळ्याच्या शेंगांनी त्यांची साखर किती वाढते, रात्री उसळ आधी की भाजी आधी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. ते सगळं तिला ठाऊक होतं.

"उद्या काय करणार आहेस जेवायला?" श्रीरंगांनी विचारलं.

माझा हात अजून त्यांच्या हातात होता.